हळूकाका आणि जागतिक घडामोडी

गावात ज्यांना गाडी चालवता येत होती, त्यांतल्या बहुतेकांना ती हळूकाकांनी शिकवली होती. ज्यांना येत नव्हती, त्यांतल्याही बऱ्याच जणांना त्यांनीच शिकवली होती. तोंडावर सगळे त्यांना 'सर' म्हणत आणि पाठ फिरली की 'हळूकाका', कारण इतकी वर्षं शिकवून त्यांनी जे काही सांगितलं, त्याचा अर्क त्या एका शब्दात होता. वळणावर हळू, चढावर हळू, रिकाम्या रस्त्यावर तर जास्तच हळू, कारण रिकाम्या रस्त्याचा भरवसा नसतो. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. शिकणारा गडबडला की काका 'हळू' म्हणायचे आणि ब्रेक दाबायचे. बहुतेक वेळा पाय आधी पडायचा आणि शब्द मागून यायचा.

मग गुडघ्यानं दगा दिला. दिवसभर पाय दुमडून गाडीत बसणं डॉक्टरांनी बंद केलं. काकांनी ड्रायव्हिंग स्कूल पुतण्याच्या हवाली केलं आणि ते घरी बसले. घरी बसले म्हणजे काकूंच्या शेजारी बसले. काकू घरीच शिवणकाम करायच्या; पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश. लांब शिलाई आली आणि मशीननं जरा वेग धरला की शेजारून आवाज यायचा, "हळू."

काकूंनी काही दिवस सोसलं. मग एकदा त्यांनी चाकावर तळहात ठेवून मशीन थांबवलं.

"अहो, हे मशीन आहे. हे कुठे जात नाही."

"मी आपलं सवयीनं म्हटलं."

"मग ती सवय जरा बाहेर फिरवून आणा."

काका बाहेर पडले. पण बाहेर पडून जायचं कुठे, हे काकूंनी सांगितलं नव्हतं.

काकांना एकच लेक. शिकून परदेशी गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. ती राहायची तो देश नकाशात अगदी वरच्या अंगाला, थंड, आणि वर्तमानपत्रात क्वचित येणारा. त्यामुळे तो चांगला देश असावा असं काकांचं मत होतं. दर रविवारी सकाळी उशिरा तिचा फोन यायचा. आधी काका बोलायचे.

"ऑफिस बरं चाललंय ना?"

"बरं चाललंय, बाबा."

"हवा मानवते ना?"

"मानवते."

"जेवणखाण वेळेवर होतं ना?"

"होतं."

एवढ्यावर काकांचा दारूगोळा संपायचा. "बरं, आईला देतो," असं म्हणून ते फोन काकूंच्या हातात द्यायचे. काकू फोन घेऊन मागच्या गॅलरीत जायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. इकडे काकांचा चहा व्हायचा, पेपर वाचून व्हायचा, दाढी उरकायची, तरी गॅलरीतलं बोलणं चालूच. मायलेकींना एवढं बोलायला सुचतं तरी काय, हे त्यांना कोडंच होतं. एकदा त्यांनी विचारलंही. काकू म्हणाल्या, "काही नाही, असंच." काकांना ते पटलं. विषय नसला की बोलणं लांबतंच.

खरं तर लेक कॉलेजात असताना काकांनी तिलाही गाडी शिकवायला घेतली होती. तिनं गिअर टाकावा आणि काकांनी ब्रेक दाबावा, असं काही दिवस चाललं. एका संध्याकाळी तिनं भर चौकात गाडी बंद केली, किल्ली काकांच्या हातावर ठेवली आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत चालत घरी गेली. त्यावर घरात पुन्हा कोणी अवाक्षर काढलं नाही. कोणी विचारलंच तर काका सांगायचे, "तिला गाडीची आवड नाही."

तर बाहेर पडलेले काका आपला धुवायला टाकलेला कोट आणायला ड्रायक्लीनरकडे गेले, तेव्हा काचेवर चिकटवलेला एक कागद त्यांना दिसला. 'जागतिक घडामोडी चर्चा मंडळ. दर शनिवारी संध्याकाळी, वरच्या मजल्यावर. सर्वांना प्रवेश. कप आपापला आणावा.' काकांनी तो कागद दोनदा वाचला. लेक जगात राहते. जगाबद्दल चार गोष्टी कळल्या तर रविवारी दोन वाक्यं जास्त बोलता येतील, असा साधा हिशेब त्यांनी केला. शनिवारी ते कप घेऊन गेले.

वरच्या मजल्यावरची खोली खालच्या इस्त्रीच्या वाफेनं कायम ऊबदार असायची. भिंतीवर जगाचा एक नकाशा होता. वाफेनं त्याचे कोपरे वळले होते, आणि त्यावरचे एकदोन देश आता अस्तित्वात नव्हते. त्या नकाशासमोर तारेचा हँगर हातात घेऊन मंडळाचे अध्यक्ष उभे होते. ते निवृत्त प्राध्यापक. जगातली कुठलीही जागा ते हँगरच्या आकड्यानं दाखवायचे, आणि दाखवून झाली की देश आपल्याकडे ओढल्यासारखा करायचे. त्यांच्या अगदी समोर बसायचे ते औषधाच्या दुकानाचे मालक. प्राध्यापक जे म्हणतील त्याच्या उलट म्हणायचं, एवढं एकच त्यांचं परराष्ट्र धोरण होतं. खिडकीशी एक बाई विणत बसलेल्या असायच्या. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, म्हणून सगळे त्यांना टेलिफोनबाई म्हणत. उभा जन्म लोकांचे फोन जोडून देण्यात गेल्यामुळे मध्ये न बोलण्याची त्यांना सवय होती. मंडळात ही सवय दुसऱ्या कोणाला नव्हती. बाकीची मंडळी येऊनजाऊन असायची.

त्या दिवशी विषय होता दूरच्या एका सामुद्रधुनीचा. दोन देशांची जहाजं तिथे आमनेसामने आली होती आणि कोणी मागे हटायला तयार नव्हतं. प्राध्यापकांनी बाजू मांडली, औषधवाल्यांनी ती उलटी केली. शब्दानं शब्द वाढला. मग प्राध्यापक नव्या माणसाकडे वळले.

"आपलं काय मत?"

काकांनी नकाशाकडे पाहिलं. "रस्ता अरुंद आहे," ते म्हणाले. "दोघांनी हळू जावं."



"संयमाचं धोरण," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी हँगर खाली घेतला. याच्या उलट काय म्हणायचं ते औषधवाल्यांना चटकन सुचलं नाही. त्या दिवसापासून काकांची गणना मवाळ विचारवंतांत होऊ लागली. पुढच्या काही शनिवारी त्यांनी तेच मत तेलाच्या भावांबद्दल, एका राजघराण्यातल्या भांडणाबद्दल आणि उपग्रहांबद्दल दिलं. ते दर वेळी चाललं.

मग हिवाळ्याच्या तोंडाला लेकीचा तो वरच्या अंगाचा देश अचानक पेपरात आला. तिथल्या सरकारनं उन्हाळ्याच्या आधीच नोकऱ्यांबद्दलचा नवा कायदा आणला होता. माणसांना कामावरून काढणं सोपं झालं होतं, आणि त्यावरून आता संप चालू होते. मंडळानं तो विषय घेतला. काका सहज बोलून गेले, "माझी लेक असते तिथे."

प्राध्यापकांनी हँगर टेबलावर ठेवला. इतकी वर्षं ते जगाबद्दल बोलत होते, पण जगातलं कोणी ओळखीचं निघण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्या रविवारी काकांनी नेहमीचे प्रश्न उरकले आणि मग घसा खाकरून म्हणाले, "तुमच्याकडे म्हणे संप चालू आहेत."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मंडळात चर्चा झाली."

"कुठल्या मंडळात?"

काकांनी सांगितलं. लेक हसली. फोनवर ती हसल्याचं काकांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, बसगाड्या बंद आहेत, रस्त्यांवर खूप बर्फ आहे आणि संपवाले बर्फात शेकोट्या पेटवून बसतात. काकांनी ते जसंच्या तसं शनिवारी सांगितलं. 'माझी लेक म्हणते' हे शब्द ऐकले की प्राध्यापक गप्प व्हायचे, आणि औषधवाल्यांनाही बर्फाच्या उलट काही म्हणता येईना. काकांचं वजन वाढलं. ते आता पुढच्या रांगेत बसू लागले.

"आपल्या कन्येलाच फोनवर घेऊ या का?" एका शनिवारी प्राध्यापकांनी विचारलं. "प्रत्यक्षदर्शी म्हणून."

काकांनी लेकीला विचारलं. ती नाही म्हणेल असं त्यांनी धरलं होतं.

"किती लोक असतात?" तिनं विचारलं.

"सातआठ."

"तुम्ही असाल?"

"मी तर असणारच."

"चालेल," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी टेबलावर मधोमध एक रिकामा स्टीलचा डबा ठेवला आणि आवाज मोठा यावा म्हणून फोन त्यात उभा केला. ही युक्ती टेलिफोनबाईंची. इकडे संध्याकाळ, तिच्याकडे दुपार. डब्यातून लेकीचा "हॅलो" आला तेव्हा सगळे आपोआप ताठ बसले. काकांनी कोट घातला होता.

प्राध्यापकांनी प्रश्न विचारला. प्रश्न बराच लांब होता. त्यात औद्योगिक क्रांती आली, दोन महायुद्धं आली आणि शेवटी, या नव्या कायद्याचा सर्वसामान्य नोकरदारावर नेमका काय परिणाम संभवतो, असं आलं.

डब्यातून लेक म्हणाली, "माझी नोकरी गेली."

खालून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला.

"म्हणजे... उदाहरणार्थ?" प्राध्यापक म्हणाले.

"उदाहरणार्थ नाही. खरंच गेली. उन्हाळ्यातच. आमचा सगळा विभाग बंद केला."

काकांनी डब्याकडे पाहिलं. मग पुढे वाकून ते त्या डब्यालाच म्हणाले, "अगं, मी दर रविवारी विचारतो तुला. तू बरं चाललंय म्हणतेस."

"बाबा, तुम्ही विचारता, 'बरं चाललंय ना?' तो 'ना' लावला की माणूस 'हो'शिवाय काय म्हणणार?"

काकांनी आठवून पाहिलं. ना लावला होता. दर वेळी लावला होता. हवेलाही लावला होता.

"मग सध्या तुमचं कसं चाललंय?" हे औषधवाल्यांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाच्या उलट काही विचारलं नव्हतं.

"मी गाडी चालवते," लेक म्हणाली. "सामान पोचवायची व्हॅन. कपाटं, गाद्या, वॉशिंग मशीन."

खिडकीशी विणकाम थांबलं. टेलिफोनबाईंनी ते गुंडाळलं, त्या उठल्या आणि डब्याजवळ येऊन म्हणाल्या, "बाळ, लाइन धरून ठेव. आम्ही सगळे खाली जातो आहोत. तू वडिलांशी बोल."

"पण चर्चा अजून..." प्राध्यापक म्हणाले.

"चला," टेलिफोनबाई म्हणाल्या. सगळे आपापले कप घेऊन उठले.

खोलीत काका, डबा आणि नकाशा उरले. फोनचा मोठा आवाज लहान कसा करायचा हे काकांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे मंडळी जिन्यात उभी राहिली तरी त्यांना सगळं ऐकू येत होतं. पण निदान ती जिन्यात होती.

"लायसन्स?" काकांनी विचारलं. पहिला प्रश्न त्यांना हाच सुचला.

"आहे. इथेच काढलं. दुसऱ्या खेपेला पास झाले."

"पहिल्या खेपेला काय झालं?"

"नापास केलं. परीक्षक म्हणाला, तुम्ही फारच हळू चालवता. मागच्यांना त्रास होतो."

जिन्यात कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. ते औषधवाले असावेत. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी डबा जरा जवळ ओढला.

"बर्फात ब्रेक एकदम दाबायचा नाही," ते म्हणाले. "गाडी घसरते."

"माहीत आहे, बाबा."

"तुला कुणी शिकवलं?"

"एका बाईनं. ती काहीच बोलायची नाही. नुसती बसायची शेजारी." मग ती म्हणाली, "सुरुवातीला मला ते जड गेलं. कुणी ओरडत नाही म्हणजे काहीतरी चुकतंय असं वाटायचं."

मग लेकच बोलत राहिली. नोकरी गेल्यावर पहिला महिना ती घराबाहेरच पडली नव्हती. मग शेजारणीनं व्हॅनच्या कामाचं सुचवलं. आता तिला शहरातल्या सगळ्या गल्ल्या माहीत झाल्या होत्या. कुठल्या इमारतीत लिफ्ट आहे, कुठल्या घरातलं कुत्रं चावतं, कुठली म्हातारी गादी घेऊन आलेल्या माणसाला बसवून घेते आणि जाऊ देत नाही. हे सगळं सांगताना ती एकदोनदा हसली, एकदा रडली, आणि मग तिला निघावं लागलं, कारण व्हॅन बाहेर उभी होती.

काका घरी आले तेव्हा काकू एका पडद्याची दुमड घालत होत्या.

"तिची नोकरी गेली," काका म्हणाले.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीस! तिनं सांगू नको म्हटलं होतं?"

"नाही." काकूंनी दोरा दातानं तोडला. "ती म्हणाली, बाबांनी विचारलं तर सांग. तुम्ही विचारलं नाहीत."

काकांना राग आला. तो नेमका कुणाचा हे ठरेना, म्हणून दोन दिवस त्यांनी तो तसाच ठेवला; दुसऱ्या दिवशी, रविवारी, लेकीचा फोन आला तोही काकूंनाच घेऊ दिला. सोमवारी संध्याकाळी ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले आणि पुतण्या एका मुलीला शिकवत होता, ते दुरून बघत उभे राहिले. पुतण्या सारखा 'हळू, हळू' म्हणत होता. मुलीचे खांदे कानांपर्यंत चढले होते. काका घरी आले आणि त्यांनी काकूंना चहा करून दिला. चहात साखर जास्त पडली होती. काकूंनी तो पूर्ण संपवला.

पुढच्या रविवारी फोन वाजला, तेव्हा काकांनी प्रश्न मनातल्या मनात घोटून ठेवला होता.

"काल दिवसभर काय काय केलंस?" त्यांनी विचारलं.

उत्तर लांबलं. एक कपाट जिन्यात अडकलं होतं. घरमालक वरून ढकलत होता, ही खालून. दोघांची भाषा वेगळी, त्यामुळे ढकल आणि थांब यात गोंधळ झाला. काका ऐकत होते. मध्येच ते "अरे बापरे" म्हणाले, आणि ते खरोखर मनापासून आलं होतं. त्यांच्या उजव्या पायानं एकदोनदा फरशी दाबली, पण तो पाय तिला दिसत नव्हता. चहा गार झाला. मागच्या गॅलरीचं दार उघडंच राहिलं आणि काकू मधूनमधून डोकावून जात होत्या.

मंडळानं त्या कायद्याविषयी तीव्र चिंता व्यक्त करणारा ठराव एकमतानं मंजूर केला. तो कुणाला पाठवायचा हे ठरलं नाही, म्हणून तो नकाशाशेजारी लावला. प्राध्यापक आता प्रत्येक चर्चेच्या शेवटी, "आणि सर, गाडी कशी आहे?" असं विचारायचे, आणि सगळे मान पुढे करून ऐकायचे. वसंतात लेकीला पुन्हा एका ऑफिसात बोलावलं. तिनं चारसहा दिवस विचार केला आणि अर्धा आठवडा ऑफिस, अर्धा आठवडा व्हॅन असं ठरवलं. काकांनी त्यावर मत दिलं नाही. त्यांना मत होतं, पण ते त्यांनी गिळलं.

मग एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. आईला अजून सांगितलेलं नाही."

काका खुर्चीत सरळ बसले. अशी वेळ त्यांच्यावर आधी कधी आली नव्हती.

ती म्हणाली, गोदामात तिच्याबरोबर काम करणारा एक जण आहे. चांगला आहे. दोघं लग्न करायचं म्हणताहेत. तो तिथला नाही, आपल्याकडचाही नाही. मग तिनं त्याच्या देशाचं नाव सांगितलं.

काकांना तो देश चांगला ठाऊक होता. मंडळात त्यावर पुष्कळ शनिवार खर्च झाले होते. प्राध्यापक आणि औषधवाले यांचं ज्या एकाच गोष्टीवर एकमत व्हायचं, ती गोष्ट म्हणजे तो देश. सगळ्या भांडणांचं मूळ तिथे आहे आणि तिथल्या माणसावर कधी विश्वास टाकू नये, असं दोघंही म्हणायचे. काकाही मान डोलवायचे.

"बाबा?" लेक म्हणाली. "ऐकताय ना?"

"ऐकतोय," काका म्हणाले. "कसा आहे तो?"

ती सांगू लागली.

शनिवारी नेमका तोच देश पुन्हा चर्चेला आला. औषधवाले टेबलावर मूठ आपटून बोलत होते. काकांनी विचारलं, "तुम्ही भेटलाय का तिथल्या कुणाला?"

"मी कशाला भेटतोय?" औषधवाले म्हणाले. "मला सगळं माहीत आहे त्यांचं."

"माझा जावई होतोय तिथला एक जण," काका म्हणाले.

औषधवाल्यांची मूठ टेबलावरच राहिली. टेलिफोनबाईंनी सुया खाली ठेवून विचारलं, "पोरगी खूश आहे?" काकांनी होकारार्थी मान हलवली. प्राध्यापकांनी चष्मा पुसला, नकाशाकडे पाहिलं, मग अगदी हळुवार आवाजात म्हणाले, "म्हणजे आता आपल्याला तिकडची बाजूही प्रत्यक्ष ऐकता येईल. पुढच्या शनिवारी फोनवर घ्यायचं का त्यांना? तो डबा आहेच."

"नाही," काका म्हणाले. "आधी मला बोलू द्या त्याच्याशी." आणि मंडळातल्या कोणाला त्या देशाच्या भाषेतले दोनचार शब्द येतात का, असं त्यांनी विचारलं.

कोणालाच येत नव्हते.